पदर उलटून बघ

छोटे, काल रात्री तू साइटची लिंक पाठवलीस आणि मी नुसता अंगठा पाठवून गप्प बसले. तुला ते लागलं असणार. पण रात्रीचे अकरा वाजले होते, तू आनंदात होतीस, आणि जे सांगायचं होतं ते घाईत लिहिण्यासारखं नव्हतं. आज कामावरून लवकर आले, चहा घेतला, तुझी साइट पुन्हा नीट बघितली. आता सांगते. आधी पूर्ण ऐक, मग हवं तर रागाव.

साइट दिसायला देखणी आहे. उघडताच आंधळगावच्या मागाचा व्हिडिओ, इकडून तिकडे पळणारा धोटा, मग कोशाचा तो मधासारखा रंग. बघून मला भरून आलं. पण कालचं ते बघणं घरच्या वायफायवरचं होतं. आज मी वायफाय बंद केलं आणि कपाटातला जुना फोन काढला, आई वापरते तसलाच. नुसता पांढरा पडदा. मी मनात आकडे मोजत बसले. अठराला पोचले तेव्हा पहिलं अक्षर दिसलं. मग 'व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा' दाबायला गेले, तर वरून एक पट्टी घसरली, सगळं पान खाली सरकलं आणि बोट भलत्याच जागी पडलं. मी तुझी बहीण आहे म्हणून थांबले. दिवाळीसाठी कोशाची साडी शोधणारी पुण्यातली एखादी बाई थांबली नसती.

आजी साडी घ्यायला गेली की काय करायची, आठवतं? दुकानदार पदर पसरून दाखवायचा आणि ती आधी तो उलटा करायची. करवत काठाचे दात मागच्या बाजूनंही तितकेच स्वच्छ आहेत का, धागे लोंबताहेत का, काठ अंगाला नीट धरून आहे का, हे ती बोट फिरवून बघायची. सुलट्या बाजूला तिची नजर नंतर जायची. वेबसाइटलाही अशी उलटी बाजू असते. तिला कोड म्हणतात. तू घरच्या कॉम्प्युटरवर आपलं पान उघड आणि कंट्रोल व यू ही दोन बटणं एकदम दाब. जे दिसेल ते समजलं नाही तरी चालेल, पण एकदा बघ. कारण तुझ्याकडे गिऱ्हाईक आणून सोडणारा जो आहे, तो तुझ्या साइटची हीच बाजू वाचतो.

गूगलचा एक प्रोग्रॅम असतो, त्याला गूगलबॉट म्हणतात. तो एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जातो, तिथला कोड वाचतो, कोणतं पान कशाविषयी आहे याची नोंद ठेवतो. कुणी 'कोसा साडी' असं शोधलं की त्या नोंदींतून पानं काढून गूगल समोर मांडतं. तुझा व्हिडिओ बघून त्याला भरून येत नाही. त्याला शब्द हवेत. आणि छोटे, तुझ्या पहिल्या पानावर शब्द जवळजवळ नाहीतच. 'अस्सल आंधळगाव कोसा' हे मोठ्या अक्षरात लिहिलंय, ते चित्राचा भाग आहे. साड्यांची नावं चित्रात, किमती चित्रात. तुझा फोन नंबरसुद्धा चित्रात आहे, त्यामुळे त्यावर बोट ठेवलं तर फोन लागत नाही, तो पाठ करून दुसरीकडे टाइप करावा लागतो.

'आमच्याविषयी' या पानावर मात्र मजकूर होता. मला बरं वाटलं. विणकरांबद्दल तू किती मनापासून लिहिलंयस! ऐनाच्या झाडावरचे कोश, ते वाढवणारे ढिवर, मग सूत, मग माग. मी त्यातला 'कोसा' हा शब्द बोटानं निवडला, कॉपी केला आणि स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. काय आलं माहीत आहे? डी, के, एस, एल, के. इंग्रजीतली पाच अक्षरं.

तेव्हा कळलं. तो मजकूर तू टायपिंगवाल्याकडून करून घेतलास, त्यानं कृतिदेवमध्ये टाइप केला, आणि साइट बनवणाऱ्यानं तोच फाँट साइटला जोडून दिला. आपल्याकडे कचेऱ्यांत, छापखान्यांत वर्षानुवर्षं कृतिदेव चाललाय, त्यामुळे त्यात काही चूक आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. कागदावर छापायला त्यात काहीच चूक नाही. पण कृतिदेव म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेला मराठी पोशाख आहे. 'डी'च्या जागी क चं चित्र दिसतं इतकंच, आत 'डी'च राहतो. गूगलबॉटला पोशाख दिसत नाही. त्याच्या लेखी तुझं ते सुंदर पान म्हणजे कोणत्याच भाषेत नसलेल्या अक्षरांचा ढीग आहे. युनिकोडमध्ये क हा खराच क असतो, आणि देवनागरी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून त्यात आहे. तू फोनवर मला ज्या मराठीत लिहितेस ती युनिकोडच. एवढं पान तू स्वतः फोनवर पुन्हा टाइप केलंस तरी काम झालं. रूपांतर करून देणारी साधनंही फुकट मिळतात, फक्त नंतर जोडाक्षरं डोळ्याखालून घाल. त्यात घोटाळे राहतात.

हे मी इतकं लांबवून सांगतेय कारण मराठी साइटींचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मालक रोज आपली साइट उघडतो, त्याला मराठी स्वच्छ वाचता येते, आणि वर्ष उलटलं तरी एकही अनोळखी माणूस का आला नाही हे त्याला उमगत नाही.

शब्दांचंच आणखी एक. आपण कोसा म्हणतो. मुंबई-पुण्याकडे बरेच जण टसर म्हणतात. कुणी 'करवत काठी' शोधेल, कुणी 'भंडारा सिल्क'. तू एका गिऱ्हाइकाशी समोर बसून बोलतेस तेव्हा हे सगळे शब्द आपोआप येतात ना? 'याला टसर म्हणतात, आमच्याकडे कोसा' असं तू सहज सांगतेस. तसंच पानावर लिही. करवत काठीला भौगोलिक मानांकन आहे, तेही लिही, आणि तो काठ करवतीच्या दातांसारखा दिसतो म्हणून ते नाव, हेही. साडीची लांबी, ब्लाउजपीस आहे की नाही, काठ सुती की रेशमी, धुवायची कशी. हे सगळं लोक विचारतात म्हणजे ते शोधतातही. मात्र कुणी सांगितलं की पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात शंभर वेळा 'कोसा साडी' लिहून ठेवू, तर त्याला दारातूनच परत पाठव. ती लबाडी गूगल ओळखतं आणि त्याची शिक्षा साइटीला होते. तुझा साइटवाला 'कीवर्ड टाकलेत मॅडम' म्हणाला ना, ते मी उघडून बघितलं. त्यानं पानाच्या माथ्यावर कीवर्डचा जो टॅग भरलाय, तो क्रमवारीसाठी आपण वापरत नाही हे गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय. त्या कामाचे त्यानं पैसे घेतले असतील तर मला खरंच वाईट वाटतंय.

त्याच माथ्यावर जे भरायला हवं होतं ते नीट भरलेलंच नाही. प्रत्येक पानाला टायटल असतं, शोधल्यावर निळ्या अक्षरात जी ओळ दिसते ती बहुतेक वेळा तिथूनच येते. तुझ्या सगळ्या पानांचं टायटल 'होम' आहे. सगळ्या मुलांचं नाव बाळू ठेवून शाळेत पाठवल्यासारखं झालं ते. हजेरी कशी लागणार? एका पानाला 'आंधळगावची करवत काठी कोसा साडी, नैसर्गिक रंग' असं टायटल हवं, दुसऱ्याला दुसरं. फोटोंनाही कोडमध्ये एक ओळ जोडता येते, तिला ऑल्ट म्हणतात. फोटोत काय आहे ते त्यात साध्या शब्दांत लिहायचं. गूगलला त्यावरून फोटो कळतो, आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचा फोन ती ओळ वाचून दाखवतो. न दिसणाऱ्या बाईनं साडी का घेऊ नये? तिला तर पोताची आपल्यापेक्षा जास्त पारख असते.

आता तुझ्या साड्यांकडे येते. बारा साड्या आहेत. फोटोवर बोट ठेवलं की एक चौकट उघडते, त्यात साडीची माहिती. दिसायला छान. पण त्या चौकटीला स्वतःचा पत्ता नाही. म्हणजे मला आवडलेली लाल काठाची साडी मला मैत्रिणीला पाठवता येत नाही, फक्त सगळी साइट पाठवता येते. आणि गूगलबॉट बटणं दाबत नाही, तो दुवे धरून चालतो. 'आणखी पाहा' दाबल्यावर येणाऱ्या त्या शेवटच्या सहा साड्या त्याच्यासाठी नाहीतच. मागावरून उतरल्या, धुतल्या, घड्या घातल्या, आणि कपाटात कुलूपबंद ठेवल्या असं समज. प्रत्येक साडीला स्वतंत्र पान, स्वतंत्र पत्ता आणि तिथं जायला साधा, सरळ दुवा. साइटवाल्याला इतकंच सांग, त्याला कळेल. जमलं तर त्या पानांवर वस्तूची किंमत आणि ती शिल्लक आहे की नाही हे गूगलला समजेल अशा ठरलेल्या पद्धतीनं कोडमध्ये लिहून घे. त्याला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात. मग शोधलेल्या यादीतच किंमत दिसू शकते. फक्त मग साडी विकली की त्याच दिवशी तिथं बदल करायला विसरू नकोस.

माझी एक चूक तुला कधी सांगितली नाही. नागपुरात नवीन होते, पहिलंच स्वतंत्र काम. एका काकूंचं घरगुती लोणच्या-पापडाचं काम होतं, त्यांची साइट मी केली. साइट बनत असताना ती अर्धवट अवस्थेत लोकांना दिसू नये म्हणून कोडमध्ये एक ओळ घालतात, नोइंडेक्स. म्हणजे गूगलला सांगायचं की याची नोंद घेऊ नकोस. काम संपल्यावर ती काढायची. मी काढली नाही. चार महिने. काकू दर आठवड्याला विचारायच्या, 'बाई, काही आलं का गं?' आणि मी सांगायचे की वेळ लागतो. त्या मान डोलवायच्या. चार महिन्यांनी एका रात्री मला ती ओळ दिसली तेव्हा मी जेवले नाही. सकाळी जाऊन त्यांना खरं सांगितलं, पैसे परत केले. त्यांनी अर्धेच घेतले. तेव्हापासून साइट सुरू केली की मी पहिली ती ओळ शोधते. तूही शोध. कंट्रोल-यू दाबून जे पान उघडतं, त्यात नोइंडेक्स हा शब्द इंग्रजीत शोधायचा. आणि गूगलमध्ये इंग्रजीत साइट असं लिहून लगेच अपूर्णविराम, मग जागा न सोडता आपल्या साइटीचा पत्ता टाकायचा. गूगलकडे तुझी जी पानं नोंदलेली आहेत त्यांतली तिथं दिसतात. मी तुझी तपासली. एकच पान आहे.

वेगाबद्दल बोलते, कारण तुझ्या साइटीला तो सगळ्यात आधी हवा. गूगलनं २०१६ मध्ये सांगितलं होतं की मोबाइलवर पान उघडायला ३ सेकंदांहून जास्त लागले तर ५३ टक्के भेटी तिथंच संपतात. तुझे अठरा झाले. जुलै २०१८ पासून मोबाइलवरचा वेग क्रमवारीतही धरला जातो, आणि २०२१ पासून त्यासाठी तीन ठरलेली मापं आली. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी. बोट ठेवल्यावर पानानं २०० मिलिसेकंदांत दाद द्यावी, हे माप मार्च २०२४ मध्ये जुन्या मापाच्या जागी आलं. आणि पान उघडताना वस्तू इकडेतिकडे सरकू नयेत, त्याचा आकडा ०.१ च्या आत असावा. तुझी ती घसरणारी पट्टी याच तिसऱ्या मापात नापास होते. ही मापं गूगल आपल्या ऑफिसात बसून घेत नाही. क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांच्या फोनवरून, गेल्या २८ दिवसांची घेतं. म्हणून साइटवाला त्याच्या लॅपटॉपवर 'बघा, कशी पटकन उघडते' म्हणाला तर त्यावर जाऊ नकोस. पेजस्पीड इनसाइट्स नावाचं गूगलचं फुकट पान आहे, तिथं आपला पत्ता टाक आणि मोबाइलचा निकाल बघ.

यानं धंद्यात फरक पडतो का, असं तू विचारशील. पडतो. मुंबईच्या इकॉनॉमिक टाइम्सनं आपल्या साइटीवर हीच मापं सुधारली, मुख्य मजकूर अडीच सेकंदांत आणला, आणि येऊन लगेच निघून जाणारे वाचक ४३ टक्क्यांनी कमी झाले. आपण ज्यावर बसची तिकिटं काढतो त्या रेडबसनं बोटाला दाद देण्याचा वेग सुधारला, विक्री ७ टक्के वाढली. इटलीत व्होडाफोननं एकाच पानाची दोन रूपं करून निम्म्या लोकांना एक आणि निम्म्यांना दुसरं दाखवलं. दिसायला दोन्ही सारखी, एकाचा कोड हलका. हलक्या पानावर विक्री ८ टक्के जास्त झाली. हा तिसरा दाखला मला सगळ्यात पटतो, कारण त्यात माल तोच, किंमत तीच, चित्रं तीच, बदललेली फक्त उलटी बाजू. ही मोठी माणसं आहेत, त्यांचे आकडे जसेच्या तसे तुला लागू होणार नाहीत. पण तुझ्याकडे दिवसाला वीस जण आले आणि त्यांतले दहा पांढरा पडदा बघून गेले, तर तुझं जातं ते त्यांच्यापेक्षा जास्त.

तुझ्या पानाचं वजन कुठे आहे ते मी बघितलं. फोटो तू फोनमधून काढलेस तसेच चढवलेत, एकेक पाच-सहा एमबीचा. तेच वेबपी नावाच्या प्रकारात, पडद्याला पुरेल एवढ्या आकारात केले तर एकेक दीड-दोनशे केबीत बसतो आणि पोत तितकाच दिसतो. व्हिडिओ आपोआप सुरू होतोय, तो थांबव. एक स्थिर चित्र ठेव, ज्याला हवा तो बोट लावून बघेल. फाँट. मराठी फाँट मुळातच जड असतात कारण जोडाक्षरं शेकड्यांनी असतात, आणि तुझ्या साइटीवर चार वेगवेगळे फाँट उतरतात. एक पुरे. मुंबईच्या एक टाइपनं केलेला मुक्ता घे, फुकट आहे, साध्या फोनवरही स्वच्छ दिसतो. त्याच्याही दोनच जाड्या घे.

आणि फाँटवरून आठवलं, तुझ्या मोठ्या मथळ्यात शिरोरेषा तुटलीय. तुला ती डिझाइन वाटली असेल. ते अक्षरांत अंतर वाढवण्याचं काम आहे, इंग्रजीत शोभतं ते, आपल्या लिपीची रेघ तोडतं. खालच्या ओळींत अनुस्वार आणि रफार अर्धे कापले गेलेत, कारण दोन ओळींमधली जागा इंग्रजीच्या हिशेबानं ठेवलीय. हे गूगलला कळणार नाही. पण वाचणाऱ्याला, का ते सांगता आलं नाही तरी, काहीतरी कच्चं वाटतं. मला तर आपल्या अक्षरांची अशी मोडतोड बघवत नाही.

पत्त्याच्या सुरुवातीला 'सुरक्षित नाही' असं येतंय. जुलै २०१८ पासून क्रोम हे दाखवतं. ते घालवायला लागणारं प्रमाणपत्र आता फुकट मिळतं, तासाभराचं काम आहे, ते उद्याच्या उद्या. पैसे द्यायच्या ठिकाणी असे शब्द दिसले तर मीसुद्धा मागे फिरेन.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोड स्वच्छ केला म्हणजे उद्या तू पहिल्या नंबरवर येशील असं नाही. कोडमध्ये व्याकरणाची बारीकसारीक चूक राहिली म्हणून गूगल कुणाला हाकलत नाही, आणि निर्दोष कोड आहे म्हणून पाटही मांडत नाही. शोधणाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर तुझ्या पानावर आहे का, हे आधी बघितलं जातं. पण उत्तर असून ते वाचताच आलं नाही तर असून नसल्यासारखं. तुझं तेच झालंय. तुझ्याकडे सांगण्यासारखं इतकं आहे! चौंडेश्वरीच्या मोहाडीपासून आंधळगावपर्यंत तू किती मागांवर बसून आलीस, कुणाच्या घरात किती पिढ्यांचा माग आहे ते तुला तोंडपाठ आहे. मोठ्या कंपन्यांच्या साइटींवर 'टसर सिल्क' एवढे दोन शब्द आणि किंमत असते. तुझ्याजवळचं त्यांच्याजवळ नाही. म्हणूनच मला इतकं वाटतं.

'पहिल्या पानाची गॅरंटी' देणाऱ्यांचे फोन आता येतील. साइट सुरू झाली की येतातच. अशी गॅरंटी कुणालाच देता येत नाही, गूगलही तेच सांगतं. घेऊ नकोस.

भंडाऱ्यातल्या एका पितळी भांड्यांच्या दुकानाचं काम गेल्या वर्षी माझ्याकडे आलं. त्यांची जुनी साइट साधी होती, पण सात-आठ वर्षं चाललेली, घंगाळं शोधत लोक यायचे, समया शोधत यायचे. कुणीतरी नवी चकचकीत करून दिली. नव्या साइटीत प्रत्येक पानाचा पत्ता बदलला आणि जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारी खूण कुणी लावली नाही. जुन्या दुव्यावरून येणाऱ्याला 'पान सापडत नाही'. महिनाभरात चौकशा आटल्या. त्यांना वाटलं, पितळेचा जमाना गेला. मी जुने पत्ते शोधून एकेक जोडला, ती खूण म्हणजे ३०१. हळूहळू लोक परत आले. तुझी साइट आता नवीन आहे, एकच पान नोंदलंय, म्हणजे तुला मोडून पुन्हा बांधायचं असेल तर हीच वेळ बरी. नंतर महाग पडतं.

आणि कागदपत्रं. डोमेन कुणाच्या नावावर आहे? मला वाटतं साइटवाल्याच्या. ते तुझ्या नावावर, तुझ्या ईमेलवर करून घे, होस्टिंगचा पासवर्ड तुझ्याकडे हवा, आणि गूगल सर्च कन्सोलमध्ये मालक म्हणून तू हवीस. सर्च कन्सोल फुकट आहे, लोक काय शोधून तुझ्यापर्यंत आले ते तिथं दिसतं, कोणतं पान का नोंदलं गेलं नाही तेही दिसतं. सासरच्या कुणाच्या नावावर ठेवू का असं तू एकदा म्हणाली होतीस. नको. तुझा धंदा आहे, तुझं नाव. याबाबतीत माझं ऐक. घरात कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांग.

साइटवाल्याशी भांडू नकोस. तो वाईट मुलगा नाही, त्याला तू जे मागितलंस ते त्यानं दिलं, 'सुंदर दिसली पाहिजे' असं तूच म्हणाली होतीस ना. त्याला शांतपणे सांग: मजकूर युनिकोडमध्ये आणि चित्राबाहेर, प्रत्येक साडीला तिचं पान, प्रत्येक पानाला त्याचं टायटल, फोटो हलके, व्हिडिओ आपोआप सुरू न होणारा, सुरक्षिततेचं प्रमाणपत्र लावलेलं, आणि मोबाइलवर आधी तपासलेलं. मोबाइलचं मुद्दाम सांग, कारण गूगल आता पानाचं मोबाइलवरचं रूपच वाचतं. २०१६ मध्ये त्यांनी ते सुरू करायचं ठरवलं आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण केलं. तो करतो म्हणाला तर त्यालाच करू दे. नाही म्हणाला तर मी आहे. मी तुझ्याकडून पैसे घेणार नाही, पण एक महिना लागेल, आणि त्या महिन्यात तू मला एकेक साडी लिहून द्यायची. कुणी विणली, किती दिवस लागले, रंग कशाचा. विणकराचं नाव त्यांना विचारून मगच.

हे सगळं वाचून तुला रडू येईल, मला ठाऊक आहे, साइटवर घातलेले पंचवीस हजार कमी नाहीत. ते बुडाले नाहीत. फोटो चांगले आहेत, नाव चांगलं आहे, तुझा मजकूर तर फारच चांगला आहे. फक्त शिवण उसवून पुन्हा घालायची.

उद्या सकाळी माल पाठवायला तू वरठीला जाशील ना, तिथं स्टेशनच्या बाहेर नेटवर्क अर्धवट असतं. तिथंच उभी राहून आपली साइट उघड आणि अक्षरं दिसेपर्यंत मोज. मग मला आकडा पाठव. मी साडेनऊपर्यंत घरी आहे.